बॉम्बर स्क्वाड्रन खरी वाटायची असेल तर आधी परतीचं इंधन मोजा

तुम्ही मंगळावरच्या युद्धाची विज्ञानकादंबरी लिहिताय. बारा बॉम्बर यानांची एक स्क्वाड्रन मंगळाच्या फोबोस या चंद्रावर तळ ठोकून आहे आणि तिथून ती मंगळावरच्या शत्रूच्या वसाहतींवर हल्ले करते. पहिली तीन प्रकरणं ज्यांनी वाचली त्यांना ती व्हिडिओ गेमसारखी वाटली. म्हणून तुम्ही विचारताय की शस्त्रांचं आणि इंजिनांचं वर्णन आणखी तपशिलात करावं का.

माझ्या मते नको. नमुन्यादाखल दिलेल्या उताऱ्यात हल्ल्याला चार पानं आहेत आणि परतीला एक वाक्य: 'सर्व याने सुखरूप तळावर परतली.' अडचण त्या वाक्यात आहे. बॉम्बरचं सगळं आयुष्य परतीच्या हिशोबावर बेतलेलं असतं. बॉम्ब किती न्यायचे, किती लांब जायचं, आत किती माणसं बसवायची, त्यांच्यामागे तळावर किती माणसं राबवायची, हे सगळं त्यातून ठरतं. लेखकाने तो हिशोब केला नसेल तर वाचकाला आकडे कळत नाहीत, पण पोकळपणा बरोबर जाणवतो.

मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो, म्हणजे विमानाला बॉम्ब चढवणाऱ्यांपैकी. लोहगावला कॅनबेरा बॉम्बर होती त्या काळात मी त्यांच्यावर काम केलं. निवृत्तीनंतर दिवाळी अंकांकडे आलेल्या विज्ञानकथा वाचून संपादकांना मत देतो. त्यामुळे पुढचं सगळं जमिनीवर उभं राहून विमानाची वाट पाहणाऱ्या माणसाचं आहे, वैमानिकाचं नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. तुमची इंजिनं किती ताकदीची? इंधन कधी संपतच नाही असं इंजिन असेल तर खालची बरीचशी आकडेमोड लागू होणार नाही. मग टंचाई दुसऱ्या कशाची तरी ठेवा: वेळेची, सुट्या भागांची, माणसांची. टंचाई नसलेलं सैन्य मी पाहिलेलं नाही. तुमच्या उताऱ्यात 'टाक्या भरल्या' असा उल्लेख आहे, म्हणून इंधन मोजावं लागतं असं धरून पुढे जातो.

फोबोस मंगळाच्या पृष्ठभागापासून साधारण ६,००० किलोमीटरवरून फिरतो आणि सुमारे ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. मंगळ स्वतःभोवती फिरायला साडेचोवीस तासांहून थोडा जास्त वेळ घेतो. म्हणून मंगळावरच्या एखाद्या ठिकाणाच्या डोक्यावर फोबोस दर ११ तासांनी येतो, तोही पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळत. तुमच्या स्क्वाड्रनचं घड्याळ हेच. तिथे पहाटेचा हल्ला, रात्रीचा हल्ला असं काही उरत नाही. दर ११ तासांनी एक संधी येते. जेवण, झोप, ब्रीफिंग, बॉम्ब चढवणं हे सगळं त्या ११ तासांत बसवायचं. शत्रूकडेही तेच घड्याळ आहे. कधी छताखाली जायचं हे त्यांच्या पोरांनाही पाठ असणार.

आता यान सुटलं. फोबोसचा कक्षेतला वेग सेकंदाला २.१ किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातला सुमारे ०.६ किलोमीटर मारला की यान खाली झुकतं आणि दोन तासांहून थोड्या जास्त वेळात मंगळाला घासून जातं. तिथे त्याचा वेग सेकंदाला चार किलोमीटरच्या वर गेलेला असतो. बॉम्ब टाकल्यावर काही न करता ते तसंच पुढे गेलं तर आपसूक पुन्हा वर चढतं आणि साधारण ४ तास २० मिनिटांनी निघाल्या जागी येतं. इंधनाचा थेंब न जाळता परत! पण तिथे फोबोस नसतो. तेवढ्या वेळात तो अर्ध्या फेरीहून थोडा पुढे, जवळजवळ मंगळाच्या पलीकडच्या बाजूला गेलेला असतो.

इथे कादंबरी सुरू होते असं मला मनापासून वाटतं. तुमच्या वैमानिकापुढे आता दोन रस्ते आहेत. इंधन जाळून कक्षा बदलायची आणि फोबोसला गाठायचं, किंवा इंधन वाचवायचं आणि त्याच कक्षेत फिरत फोबोस जुळून येईपर्यंत थांबायचं. थांबायचं तर प्रत्येक फेरीत पुन्हा एकदा मंगळाला घासून जावं लागतं. दुसऱ्या वेळी शत्रू जागा असतो, यान कुठून आणि किती वाजता येणार हे त्याला सेकंदापर्यंत माहीत असतं आणि यानात टाकायला बॉम्ब उरलेला नसतो. जास्त बॉम्ब नेलेल्या यानाकडे इंधन कमी, म्हणून त्याच्या वाट्याला घिरट्या जास्त. मग स्क्वाड्रनमध्ये भांडणं कशावरून होतील हे तुम्हाला सुचवावं लागणार नाही.

जाणकार वाचक इथे एक अवघड प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तयार ठेवा. बॉम्बलाच तेवढा धक्का देऊन फोबोसवरून फेकता येत असेल तर माणसांनी भरलेलं यान न्यायचं कशाला? शंका रास्त आहे. सेकंदाला चार किलोमीटरच्या वेगाने आदळणाऱ्या नुसत्या धातूच्या गोळ्यातही, किलोला किलो धरलं तर, टीएनटी या स्फोटकाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. स्फोटकही लागत नाही. शिवाय कक्षेत फिरणाऱ्या यानातून बॉम्ब नुसता सोडला तर तो खाली पडत नाही, यानाच्या बरोबरीने तरंगत राहतो. त्याला खाली धाडायला रॉकेट लागतंच. मग ते तळावरूनच का नको?

मला पटणारं कारण असं की, फेकलेला बॉम्ब दोन तास वाटेत असतो आणि तो येताना दिसतो. अंतराळात उष्णता लपत नाही. थंड काळ्या पार्श्वभूमीवर पेटलेलं इंजिन फार लांबून ओळखू येतं. लक्ष्य हलणारं असेल तर दोन तासांत ते हललेलं असतं. जवळ जाऊन, मंगळाच्या गोलाईआडून अचानक वर येऊन, शेवटच्या मिनिटाला 'टाक' किंवा 'टाकू नको' ठरवायला कुणीतरी लागतं, आणि तुमच्या जगातल्या सरकारला तो निर्णय यंत्राच्या हाती द्यायचा नसेल. पृथ्वीवरून विचारून ठरवता येत नाही, कारण मंगळाचा संदेश पृथ्वीला पोचायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. दुसरंही कारण चालेल. फक्त ते पहिल्याच प्रकरणात, कुणाच्या तरी बोलण्यातून सहज येऊ द्या.

ही यानं जन्माने बॉम्बर असलीच पाहिजेत असंही नाही. १९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलाच्या ४४ स्क्वाड्रनने एएन-१२ ही मालवाहू विमानं बॉम्बर म्हणून वापरली. मागचा दरवाजा उघडून बॉम्ब रोलरवरून बाहेर सोडले जात. पाकिस्तानातल्या छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्यावर असाच हल्ला झाला. कालपर्यंत फोबोसवर पाणी वाहून नेणारी यानं आज बॉम्ब नेताहेत, ही कल्पना तुमच्या चकचकीत बारा यानांपेक्षा मला जास्त जिवंत वाटते. त्यांच्या चालकांना लढायला शिकवलेलंच नाही, आणि त्यांच्या यानांच्या पोटात अजून पाण्याच्या टाक्या आहेत.

परतीच्या हिशोबाला प्रत्यक्षात किती किंमत पडते ते पाहायचं तर १९८२ चं फॉकलंड युद्ध बघा. ब्रिटिशांना फॉकलंड बेटांवरच्या, अर्जेंटिनाने घेतलेल्या स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे होते. जवळचा तळ म्हणजे असेन्शन बेट, एका दिशेने सुमारे ६,३०० किलोमीटर. एका व्हल्कन बॉम्बरला तिथे पोचवून परत आणण्यासाठी अकरा व्हिक्टर टँकर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानात इंधन भरणारी विमानं, उडवावे लागले, कारण टँकरना इंधन द्यायलाही टँकर लागत होते. निघाल्यावर मुख्य व्हल्कनच्या केबिनमध्ये खिडकीच्या सीलमुळे हवेचा दाब टिकेना, म्हणून राखीव व्हल्कनच्या माणसांना पुढे जावं लागलं. शेवटच्या टँकरने ठरल्यापेक्षा जास्त इंधन देऊन टाकलं आणि आता आपण स्वतः तळापर्यंत पोचू शकत नाही हे कळत असूनही, हल्ला उरकल्याचा संदेश येईपर्यंत रेडिओवर मदत मागितली नाही. एकवीस बॉम्ब पडले, त्यातला एक धावपट्टीवर.

त्या टँकरच्या लोकांवर कादंबरी लिहिता येईल. तुमच्या बारा बॉम्बर यानांमागे एकही टँकर नाही. निदान चार द्या, आणि एक महत्त्वाचं पात्र त्यातल्या एकावर बसवा.

तळ लक्ष्यापासून किती लांब आहे यावर युनिटचा स्वभाव ठरतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हवाई दलाची ५८८ वी रात्र-बॉम्बर रेजिमेंट पूर्णपणे स्त्रियांची होती, वैमानिकांपासून बॉम्ब चढवणाऱ्यांपर्यंत. त्यांची पीओ-२ विमानं लाकूड-कापडाची, दोन पंखांची, अगदी संथ. पण तळ आघाडीला खेटून असायचा, म्हणून एका रात्रीत आठ-आठ, दहा-दहा सॉर्टी, म्हणजे हल्ल्याच्या फेऱ्या, व्हायच्या. बॉम्बचं वजन जास्त नेता यावं म्हणून १९४४ पर्यंत त्या पॅराशूटही नेत नसत. उलट ब्रिटनहून जर्मनीवर जाणाऱ्या लँकॅस्टर बॉम्बरचे सात जण एका रात्रीत एकदाच जात, सात-आठ तास थंडीत बसून, आणि तीस सॉर्टी झाल्या की त्यांची एक 'टूर' पुरी होई. पहिल्या युनिटमध्ये दमणूक असते, एकमेकींची सवय असते, विचार करायला उसंत नसते. दुसऱ्यात दोन सॉर्टींच्या मधला रिकामा वेळ माणसाला खातो. फोबोसचं अकरा तासांचं चक्र आणि यानांच्या लांबलेल्या घिरट्या धरल्या तर तुमचं युनिट दुसऱ्या जातीचं ठरतं. पण तुमची पात्रं पहिल्या जातीच्या घाईत वागताहेत.

आता नुकसानीचा आकडा. लिहायला बसण्याआधी तो ठरवा आणि बदलू नका. समजा दर सॉर्टीला शंभरातली चार यानं परतत नाहीत. ऐकायला कमी वाटतं. पण तीस सॉर्टी केल्या तर शंभरातले एकोणतीसच उरतात. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं उडाली, त्यातली ५५,५७३ मेली. अशा युनिटमध्ये नव्या माणसाचं नाव लक्षात ठेवायला जुने तयार नसतात. बेपत्ता झालेल्यांचं सामान आवरायला तिथे रीतसर समिती असे. कपाट रिकामं करायचं, पत्रं चाळायची, घरच्यांना दुःख होईल असं काही असेल तर बाजूला काढायचं, बाकीचं बांधून पाठवायचं. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात तीन यानं नष्ट होतात आणि पुढच्याच परिच्छेदात सगळे मेसमध्ये हसताहेत. हसतील, हसतातही. पण कुणाची खुर्ची कुणी घ्यायची नाही हेही तिथे न बोलता ठरलेलं असतं, आणि नवा पोरगा नेमका तीच खुर्ची ओढतो.

आता माझ्या कामाकडे येतो, कारण तुमच्या तळावर मला एकही फिटर दिसला नाही. कॅनबेराच्या बॉम्ब बेमध्ये, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्यात, हजार पौंडी सहा बॉम्ब बसत. ट्रॉली खाली सरकवायची, बॉम्ब वर घ्यायचा, रिलीजला, म्हणजे बॉम्ब धरून ठेवणाऱ्या आकड्याला, अडकल्याचा आवाज कानाने ऐकायचा, मग बॉम्ब हलू न देणारे स्वे-ब्रेस घट्ट करायचे. फ्यूजमधली सेफ्टी पिन अगदी शेवटी निघते. प्रत्येक पिनेला लाल पट्टी असते. त्या पट्ट्या मुठीत धरून विमानासमोर उभं राहायचं आणि वैमानिकाला दिसतील अशा वर करून मोजून दाखवायच्या. तो आतून मान हलवतो. मग इंजिन सुरू करणारं काडतूस फुटतं, काळा धूर उठतो, चाकांपुढचे चॉक निघतात आणि विमान टॅक्सी करत जातं. त्यानंतर आपल्या हातात त्या पिना राहतात. विमान बॉम्ब न टाकता परतलं तर त्याच पिना पुन्हा बसवायच्या असतात, म्हणून त्या जपून ठेवायच्या.

फोबोसवर हेच काम कसं होईल? तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. साडेचारशे किलोच्या बॉम्बचं वजन तिथे जेमतेम पाव किलो भरेल. एक माणूस बोटाने उचलेल. पण वस्तुमान कुठे जात नाही. तो बॉम्ब एकदा हलला की थांबवायलाही तेवढीच ताकद लागते, आणि बॉम्ब आणि बेची भिंत यांच्यामध्ये हात आला तर हात जातो. ट्रॉलीची चाकं जमीन धरणार नाहीत, म्हणून दोऱ्या आणि रूळ लागतील. पाना हातातून सुटला तर तो खाली पडायला कितीतरी वेळ घेईल, आणि तो सापडेपर्यंत यान सोडता येणार नाही, कारण हरवलेलं हत्यार यानाच्या आत गेलं नाही याची खात्री झाल्याशिवाय कुठलाही वॉरंट ऑफिसर सही करणार नाही. निदान माझ्या ओळखीतला एकही करणार नाही. अकरा तासांतली चाळीस मिनिटं एका पान्यावर गेली की वरून फोन सुरू होतात. हे दोन पानांत लिहा. लेझरच्या दहा पानांपेक्षा ती दोन पानं तुमच्या तळाला जास्त उभं करतील.

बारा यानं आहेत म्हणून बारा उडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. काही सर्व्हिसिंगला असतात, काही सुट्या भागांअभावी अडकलेली, आणि एखादं असं असतं की बाकीच्यांसाठी त्याचेच भाग काढून काढून ते हँगरमधून हलतच नाही. त्याला हँगर क्वीन म्हणतात. बारापैकी आठ तयार असतील तर त्या स्क्वाड्रनचा इंजिनिअरिंग ऑफिसर चांगला आहे असं समजा. नववं यान न्यायचंच असा हट्ट सीओने, म्हणजे स्क्वाड्रनच्या प्रमुखाने, धरला आणि फिटरने फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही करायला नकार दिला, तर तो प्रसंग कुठल्याही लढाईइतका ताणलेला असतो. सही झाली की जबाबदारी नावानिशी त्याची होते.

हुद्द्यांबद्दल थोडक्यात. तुमचा नायक कधी 'कॅप्टन' आहे, कधी 'स्क्वाड्रन लीडर'. एक परंपरा पकडा. माणसं त्याच दिवशी जाऊन परतत असतील तर हवाई दलाचे हुद्दे शोभतात, आठवडेच्या आठवडे यानातच राहत असतील तर नौदलाचे. आपल्याकडे स्क्वाड्रनचा सीओ विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन असतो आणि त्याच्या हाताखाली फ्लाइट कमांडर असतात.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या तिसऱ्या प्रकरणाची वाटते, कारण तिथे तुम्ही मोलाचं काहीतरी हाताशी धरलंय आणि घाईत सोडून दिलंय. तुमचा वैमानिक एका वसाहतीवर बॉम्ब टाकायला नकार देतो, कारण 'त्याला आतून नको वाटलं'. एवढ्यावर भागत नाही. मंगळावरची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, म्हणजे तिथली माणसं बंद घुमटांत राहणार. पृथ्वीवरच्या शहरात बॉम्ब पडला तर काही लोक पळू शकतात. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवरच्या हल्ल्यांत आगीचं वादळ उठलं, हजारो माणसं गेली, तरी बाहेर पडायला रस्ते होते आणि कितीतरी लोक त्यांवरून निसटले. घुमट फुटला तर रस्ता कुठला? तुमच्या जगात 'लष्करी लक्ष्य' आणि 'वस्ती' यांच्यात एका भिंतीचं अंतर आहे. हे त्या वैमानिकाला, त्याच्या नॅव्हिगेटरला आणि बॉम्ब चढवणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मग नकार एका क्षणात येत नाही. तो कित्येक सॉर्टींत साचतो. वरून कुणालाच माणसं दिसत नाहीत, दिसते ती घुमटातून बाहेर पडून गोठलेल्या हवेची पांढरी रेघ. घिरट्या घालणारं यान चार तासांनी पुन्हा त्याच कक्षेतून खाली येतं तेव्हा मंगळ फिरल्यामुळे तो घुमट पुढे सरकलेला असतो आणि लांबूनच दिसतो. तोवर ती रेघ विरलेली असते, आणि आधीच्या फेरीत ज्या खिडक्यांत उजेड होता तिथे अंधार असतो.

म्हणून माझी सूचना अशी. हल्ल्याची चार पानं आहेत तशी राहू द्या, किंवा दोन करा. त्यानंतर परतीच्या दोन फेऱ्या पूर्ण लिहा: इंधनाचा काटा, रेडिओवरची शांतता, टँकर कुणाच्या वाट्याला येणार यावरची कुजबुज, आणि दुसऱ्या फेरीत लांबून दिसलेला तोच घुमट. नकार तिथून निघू द्या. त्याच वेळी तळावर एक फिटर परत न आलेल्या यानाच्या पिना घेऊन उभा आहे, हेही मधूनमधून दाखवा. तीन गोष्टी ठरल्या की मला कळवा: एका यानात परतीसाठी किती इंधन राखता, दर सॉर्टीला किती यानं गमावता, आणि बारापैकी रोज किती तयार असतात. त्यावरून तिसऱ्या प्रकरणातला नकार कितव्या सॉर्टीला यायला हवा ते आपण बसून काढू.